सातव्या दिवशी घरी गेलेला रुग्ण : फुटलेल्या अल्सरचं एक प्रकरण

फुटलेल्या अल्सरच्या, म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतल्या जखमेला आरपार भोक पडल्यावर करायच्या, शस्त्रक्रियेनंतर परदेशी रुग्ण स्थानिकांपेक्षा चांगले सुधारतात, असं आमच्या विभागात अनेक वर्षं मानलं जायचं. त्यात खोटं काही नव्हतं. बाहेरून कामासाठी आलेले हे रुग्ण लवकर चालू लागत, लवकर घरी जात आणि अतिदक्षता विभागाची पायरी क्वचितच चढत. नव्या निवासी डॉक्टरांना मीही हेच सांगत आलो होतो. मग एका रात्री काही तासांच्या अंतराने दोन रुग्ण आले, एक परदेशी आणि एक स्थानिक. या प्रकरणातला मुख्य रुग्ण पहिला आहे. दुसऱ्या रुग्णाचा उल्लेख तुलनेपुरता येईल. ओळख पटू नये म्हणून दोघांचेही तपशील बदलले आहेत.

रुग्ण 29 वर्षांचा, बांधकामावर काम करणारा. या देशात येऊन त्याला चौदा महिने झाले होते. रात्री पावणेदोनला दोन सहकाऱ्यांनी त्याला आणलं. तो स्ट्रेचरवर कुशीवर होता, गुडघे पोटाशी घेतलेले, आणि हलायला अजिबात तयार नव्हता. मूतखड्याचा रुग्ण तळमळतो, त्याला कुठल्याच बाजूवर चैन पडत नाही. पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आलेला रुग्ण मात्र निपचित पडून राहतो, कारण त्याला खोल श्वाससुद्धा सोसत नाही. स्ट्रेचरचं चाक दाराच्या उंबरठ्यावर जरासं आपटलं आणि त्याने डोळे गच्च मिटून घेतले. अर्धं निदान तिथेच झालं.

नाडी 118, रक्तदाब 108/70, ताप 38.4 अंश सेल्सिअस, श्वास मिनिटाला 26. पोट फळीसारखं ताठ. यकृतावर बोटाने ठोकलं की भरीव, बद्द आवाज यायला हवा, तिथे पोकळ आवाज येत होता. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत उजवीकडे श्वासपटलाखाली हवेची बारीक चंद्रकोर स्पष्ट दिसली. पोकळ अवयवाला भोक पडून हवा बाहेर आल्याची ही खूण. ती प्रत्येकात सापडत नाही. साधारण चारांपैकी एका रुग्णात एक्स-रे स्वच्छ असतो, आणि म्हणून नुसत्या एक्स-रेवर विसंबून रुग्णाला परत पाठवणं धोक्याचं असतं. शंका असेल तर सीटी करावाच. याच्या बाबतीत त्याची गरज पडली नाही. शरीराला रक्तपुरवठा कमी पडल्यावर रक्तात वाढणारं लॅक्टेट 3.1 होतं, म्हणजे जास्त, आणि मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं.

दुखणं कधीपासून, असं विचारल्यावर त्याच्या वतीने सहकाऱ्याने उत्तर दिलं, "आज संध्याकाळपासून." आधी काही औषध चालू होतं का? "नाही." आधी कधी पोटात दुखायचं? "थोडी जळजळ, कधीतरी." ड्युटीवरच्या डॉक्टरने कागदावर लिहिलं : त्रास सात तासांपासून, औषधं नाहीत, इतर आजार नाहीत. संमतीपत्रावर सहीसुद्धा त्याच सहकाऱ्याच्या मध्यस्थीने झाली.

या सात तासांना महत्त्व असतं. अल्सर फुटलेल्या रुग्णाचा धोका जोखायला आम्ही बोई गुणांक वापरतो. हाँगकाँगच्या शल्यचिकित्सकांनी तो 1987 साली प्रत्यक्ष रुग्णांवर पडताळून प्रसिद्ध केला. त्यात तीनच प्रश्न आहेत : आधीचा गंभीर आजार आहे का, शस्त्रक्रियेआधी रुग्ण शॉकमध्ये (रक्तदाब धोकादायक घसरलेला) आहे का, आणि फुटून 24 तासांपेक्षा जास्त झाले आहेत का. प्रत्येक होकाराला एक गुण. त्या मूळ अभ्यासात शून्य गुणांच्या रुग्णांत मृत्यू नव्हता, एका गुणाला 10 टक्के, दोनला 45.5 टक्के आणि तीनही गुणांना 100 टक्के होते. आज अतिदक्षता सुधारल्याने हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण पायऱ्या त्याच आहेत. आमच्या रुग्णाला कागदावर शून्य मिळाला. रुग्ण स्थिर होता, त्यामुळे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायचं ठरलं. शिरेतून द्रव, प्रतिजैविकं, नाकातून जठरात नळी, लघवीची नळी, आणि चार वाजून दहा मिनिटांनी तो टेबलावर होता.

दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर जे दिसलं ते सात तासांचं नव्हतं. अल्सर फुटून काहीच तास झाले असतील तर पोटात हिरवट, पित्ताच्या रंगाचं पातळ पाणी मिळतं. इथे यकृताखाली आणि आतड्यांच्या वळणांमध्ये गढूळ पू साचला होता, आणि अस्तरावर पिवळसर पापुद्रे धरले होते, दुधावरच्या जाड सायीसारखे. चिमट्याने ओढले की पट्ट्यांनी निघत आणि खालचं अस्तर ठिपक्याठिपक्यांनी रक्ताळे. असं व्हायला दिवसभर तरी लागतो. माझ्यासमोर उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरने काही न बोलता घड्याळाकडे पाहिलं.

भोक लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, पुढच्या भिंतीवर होतं. पाच मिलिमीटरचं, गोल, कडा घट्ट झालेल्या. अशा कडा नुसत्या एकमेकींवर ओढून शिवल्या तर टाका त्यांना कापत जातो. म्हणून आतड्यांवर लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्याचा, ओमेंटमचा, रक्तपुरवठा शाबूत असलेला एक पदर वर आणून भोकावर बसवतात आणि तीन टाक्यांनी तो अलगद धरून ठेवतात. टाके फार आवळले तर पदराचं रक्त तुटतं, सैल राहिले तर गळती होते. या पद्धतीला सगळीकडे ग्रॅहम पॅच म्हणतात. टोरंटोच्या रॉस्को ग्रॅहम यांनी 1937 साली आपली पद्धत मांडली खरी, पण त्यांनी ओमेंटमचा सुटा तुकडा वापरला होता. आपण आज जोडलेला पदर वापरतो तो 1929 साली सेलन-जोन्स यांनी वर्णन केलेला आहे. नावाचा हा घोटाळा मी दर तुकडीला सांगतो, कारण पदराचा देठ जिवंत ठेवणं हाच या शस्त्रक्रियेचा प्राण आहे आणि तो नावातच हरवून जातो.

पोट स्वच्छ पाण्याने भरपूर धुतलं, यकृताखाली एक नळी ठेवली. शस्त्रक्रिया 85 मिनिटं चालली.

याच्या आधी, त्याच रात्री साडेअकराला, त्याच टेबलावर 74 वर्षांच्या एक स्थानिक आजी होत्या. त्यांचं दुखणं साडेचारला सुरू झालं, मुलीने लगेच रुग्णवाहिका बोलावली आणि साडेसहाला त्या आमच्याकडे होत्या. त्यांना मधुमेह होता. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन चालू होतं आणि सांध्यांसाठी वेदनाशामक व स्टेरॉइडचा लहान डोस. स्टेरॉइडवरच्या वयस्क रुग्णाचं पोट अनेकदा ताठ होतच नाही. आजींचं पोट मऊ होतं, म्हणून आधी हृदयाचा विचार झाला, मग सीटी, मग निदान. तोवर रक्तदाब 84 वर आला होता. बोई गुणांक दोन. रुग्णालयाच्या आतच पाच तास गेले होते. डेन्मार्कमधल्या 2,668 रुग्णांच्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाखल झाल्यावर पहिल्या 24 तासांत शस्त्रक्रियेला लागलेल्या प्रत्येक जादा तासागणिक जगण्याची शक्यता आधीच्या तासाच्या तुलनेत 2.4 टक्क्यांनी कमी होत गेली होती. आजींचे ते पाच तास आमच्या हातातले होते, हे मला मान्य आहे.

आजींचं पोट उघडून शस्त्रक्रिया केली. भोक सहा मिलिमीटरचं, त्याच जागी. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर कोणतं कोणाचं हे मलाही सांगता आलं नसतं.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. तरुण दुसऱ्या दिवशी चालला, तिसऱ्या दिवशी घोट घोट पाणी घेऊ लागला, चौथ्या दिवशी नळी निघाली, सातव्या दिवशी घरी जायला तयार. आजी नऊ दिवस अतिदक्षता विभागात होत्या. न्यूमोनिया झाला, दोनदा डायलिसिस लागलं, पोटाची जखम उसवली. 38व्या दिवशी त्या मुलीचा हात धरून बाहेर पडल्या, आणि नंतरच्या प्रत्येक तपासणीला वेळेवर आल्या.

विभागाच्या तक्त्यात या दोघांच्या दोन ओळी झाल्या. परदेशी : गुणांक शून्य, मुक्काम सात दिवस, गुंतागुंत नाही. स्थानिक : गुणांक दोन, मुक्काम 38 दिवस, गुंतागुंत तीन. अशा ओळी वर्षानुवर्षं साठल्या की 'परदेशी रुग्ण चांगले सुधारतात' हे वाक्य आपोआप तयार होतं. खरं तर तो फरक 29 आणि 74 मधला आहे. परदेशी कामासाठी जाणारी माणसं मुळात तरुण असतात, बहुतेक पुरुष असतात आणि निघण्याआधी वैद्यकीय तपासणीतून चाळून निघालेली असतात. हृदय, मूत्रपिंड, मधुमेह यांचं ओझं त्यांच्यावर नसतं. एकाच वयोगटातले, सारखेच निरोगी स्थानिक आणि परदेशी शेजारी ठेवले की तुलना खरी होते, आणि तेव्हा प्रश्न उलटा पडतो. इतका धडधाकट माणूस एवढा पू घेऊन का आला?

त्याचं उत्तर तिसऱ्या दिवशी मिळालं. त्याची भाषा जाणणारी प्रशिक्षित दुभाषी फोनवर उपलब्ध झाली. सहकाऱ्यांना बाहेर थांबायला सांगितलं, फोन स्पीकरवर उशीजवळ ठेवला आणि सगळा इतिहास पहिल्यापासून विचारला. 'किती वाजता' असं न विचारता 'पहिली कळ आली तेव्हा तू काय करत होतास' असं विचारलं. तो म्हणाला, झोपायला वरच्या बंकवर चढत होतो. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर असताना पोटात कोणीतरी सुरी घुसवल्यासारखं झालं. ती रात्र आदल्या दिवशीची होती, साडेअकराची. म्हणजे तो आमच्या दारात पोचला तेव्हा 26 तास उलटून गेले होते. गुणांक एक, शून्य नव्हे.

मधे काय झालं? पहाटेपर्यंत तो कळवळत होता आणि सकाळी सातच्या सुमारास दुखणं बरंच उतरलं. हा फुटलेल्या अल्सरचा सर्वांत फसवा टप्पा. सुरुवातीची भयंकर कळ ही आम्लाने अस्तर भाजल्याची असते. मग अस्तर स्वतःच भरपूर पाणी सोडतं, आम्ल पातळ होतं, आणि साधारण दोन ते बारा तासांच्या दरम्यान कधीतरी रुग्णाला वाटतं की संकट टळलं. त्यानंतर जंतू वाढतात आणि दुखणं पू घेऊन परततं. आपलं निदान चुकवणारे तास हेच. त्याने या तासांत अंगात कपडे चढवले आणि कामावर गेला. दुपारपर्यंत वाकूनच उभा होता. रुग्णालयात जायचं त्याच्या मनात आलं होतं, पण आजारी म्हणून नोंद झाली तर कामासाठी अपात्र ठरवून परत पाठवतील ही भीती त्याहून मोठी होती. सहकाऱ्यांनी 'संध्याकाळपासून' सांगितलं तेही याच धास्तीने. त्याचं दुखणं दिवसभर दडवून ठेवलं असा ठपका त्यांच्यावर येऊ नये म्हणून.

आणि औषधं? दुभाषीने हुशारीने 'औषध' हा शब्द टाळला आणि विचारलं, पाठ दुखते तेव्हा काय करतोस? तो सहज म्हणाला, गोळी घेतो. रोज सकाळी एक, कधी दोन, पाच महिने. शेजारच्या बंकवरच्या माणसाकडे पाकीट असायचं. त्याच्या सहकाऱ्याने नंतर फोनमधला त्या पाकिटाचा फोटो दाखवला : डायक्लोफेनॅक, अल्सर करू शकणारं वेदनाशामक. त्याच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टर देतो ते. ही गोळी म्हणजे कामाच्या सामानातलीच एक वस्तू, हातमोज्यांसारखी. 'औषधं नाहीत' हे उत्तर त्याच्या बाजूने पूर्ण खरं होतं.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. स्थानिक आणि परदेशी रुग्णांतला मोठा फरक पोटाच्या आत नव्हता. तो फरक पहिल्या कळेपासून दारापर्यंतच्या तासांत होता, आणि दुसरा, त्याहून न दिसणारा, दाराबाहेर पडल्यानंतरच्या महिन्यांत. आपला तक्ता या दोन्हींच्या मधला तुकडा मोजतो.

त्या महिन्यांबद्दल. पॅच भोक बुजवतो, अल्सरचं कारण तसंच राहतं. 1982 साली ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल यांना अल्सर घडवणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला आणि 2005 साली त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं. हाँगकाँगमध्ये 99 रुग्णांवर झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, भोक शिवल्यानंतर जंतूचा नायनाट केलेल्यांत वर्षभरात 4.8 टक्के जणांना पुन्हा अल्सर झाला. नुसती आम्ल कमी करणारी औषधं दिलेल्यांत 38.1 टक्के. इतका मोठा फरक शल्यचिकित्सेत क्वचित पाहायला मिळतो, आणि तो चाकूने नव्हे, थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी पडतो. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच लागतो. त्यामुळे माणूस कुठे राहतो यापेक्षा कुठे जन्मला हे विचारायला हवं.

चौथ्या दिवशी निवासी डॉक्टरने शौचाचा नमुना पाठवला. निकाल : जंतू नाही. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. रुग्ण तेव्हा प्रतिजैविकांवर आणि आम्ल रोखणाऱ्या औषधावर होता, आणि ही दोन्ही जंतूला झाकून टाकतात. खरी चाचणी करायची तर आम्ल रोखणारं औषध दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद असावी लागतात. स्थानिक रुग्णाला मी म्हणालो असतो, दोन महिन्यांनी या, तेव्हा पाहू. हा रुग्ण दोन महिन्यांनी या देशात असेल याची खात्री नव्हती. म्हणून पुराव्याची वाट न पाहता 14 दिवसांचा संपूर्ण उपचार सुरू केला. यावर दुमत होऊ शकतं, कारण पाच महिन्यांच्या डायक्लोफेनॅकनेही भोक पडू शकतं. पण उगाच घेतलेल्या चौदा दिवसांच्या गोळ्या आणि पुन्हा फुटलेला अल्सर यांत मला निवड सोपी वाटली. त्याच्या जन्मस्थानी क्लॅरिथ्रोमायसिन या नेहमीच्या प्रतिजैविकाला जंतू किती दाद देत नाही हे ठाऊक नसल्यामुळे बिस्मथ (जंतू मारायला मदत करणारा धातूचा क्षार) असलेला चार औषधांचा कोर्स निवडला.

सातव्या दिवशी सकाळी परिचारिकेने त्याच्या पलंगावर स्टीलचा ट्रे ठेवला आणि एका दिवसाच्या सगळ्या गोळ्या त्यात मांडल्या. फोनवर दुभाषी. त्याने एकेक गोळी उचलून सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे ढीग केले, चुकला, पुन्हा केले, तिसऱ्यांदा बरोबर आले. संपूर्ण कोर्स त्याच्या हातात दिला, चिठ्ठी नाही.

मग एक पेच आला. घरी जाणाऱ्या प्रत्येक अल्सरच्या रुग्णाला आम्ही सांगतो की शौच काळं झालं तर रक्तस्राव समजून धावत या. बिस्मथनेही शौच काळं होतं. म्हणजे आमच्या नेहमीच्या छापील कागदामुळे त्याने तिसऱ्या दिवशीच घाबरून गोळ्या बंद केल्या असत्या, किंवा काळ्या रंगाला सरावून पुढे खरा रक्तस्राव दुर्लक्षिला असता. हातभर कागदाऐवजी तळहाताएवढं कार्ड केलं, त्याच्या भाषेत. पहिली ओळ : या चौदा दिवसांत काळा रंग गोळ्यांचा, पण डांबरासारखं चिकट झालं, चक्कर आली किंवा रक्ताची उलटी झाली तर लगेच रुग्णालयात. दुसरी : गोळ्या संपून आठवडा झाल्यावर काळं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात. तिसरी : पाठदुखीला ही गोळी नाही, आणि खाली त्या पाकिटाचं चित्र, त्यावर फुली. मागच्या बाजूला कोणत्याही देशातल्या डॉक्टरला समजेल असं शस्त्रक्रियेचं नाव, तारीख आणि 'जंतूची चाचणी बाकी'.

33व्या दिवशी तो मायदेशी गेला. आमच्या तक्त्यात 30 दिवसांचा हिशेब तोवर बंद झाला होता : जिवंत, गुंतागुंत नाही. आजारी पडलेला कामगार बहुधा घरी परततो, आणि त्याचं पुढचं दुखणं, पुढचा मृत्यूही, तिकडच्या खात्यात जातो किंवा कुठेच जात नाही. परदेशी रुग्णांचे आकडे उजळ दिसण्याचं हे दुसरं कारण, वयाखालोखाल. ते दुरुस्त करायला तक्त्यात चार रकाने वाढवले : पहिल्या कळेची वेळ आणि ती कोणी सांगितली, दुभाषी प्रशिक्षित होता की सोबतचा, वेदनाशामक गोळीचा प्रश्न वेगळा विचारला का, आणि रुग्ण शेवटी कुठे गेला. त्याच्या ओळीतला शून्य खोडून एक केला.

बाराव्या आठवड्यात दुभाषीने त्याला फोन लावला. चौदा दिवसांच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या, पोटात दुखत नव्हतं, डायक्लोफेनॅकला हात लावला नव्हता. घराजवळच्या दवाखान्यात कार्ड दाखवून आदल्या आठवड्यात चाचणीही करून आला होता, जंतू नाही असं आलं. आम्ल रोखणारी गोळी कधी थांबवली, असं तिला विचारायला सांगितलं. आठ आठवड्यांनी थांबवायची ती गोळी तो अजून रोज घेत होता, बरं वाटतं म्हणून. दोन आठवडे बंद ठेवून चाचणी पुन्हा करायची, हे तिने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. नवी तारीख त्याने कार्डावर लिहून घेतली, आम्ही त्याच्या कागदावर.